सुलूच्या टेबलाचं कापड

आश्विन लागला की रोह्याहून पेणला जाताना मी गाडीच्या खिडकीत बसत नाही. बसलेच तर तोंड आतल्या बाजूला करून बसते. नागोठणं मागे पडलं की दोन्हीकडे भात पिवळं झालेलं असतं. कुठे अजून उभं, कुठे कापून आडवं पाडलेलं. त्याचा कोरडा, गोडसर, जरा धुळीचा वास डब्यात येतो. शेजारच्या बायका बाहेर बघत म्हणतात, “यंदा बरा पिकलाय हां.” त्यांना तो वास आवडतो. मलाही आवडायचा. आता तो आला की मी पर्स उघडून उगाचच त्यात काहीतरी शोधायला लागते. चार वर्षं झाली, तरी होतं असं.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी होऊन चार-पाच दिवस झाले होते. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांवर सामसूम झाली होती. माझी धाकटी बहीण सुलू तिथल्याच एका गल्लीत दोन खोल्यांच्या घरात राहते. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं पायमशीन. तीसेक वर्षं तिनं त्या मशीनवर बायकांचे ब्लाउज शिवले. माप एकदा घेतलं की परत टेप लावायची नाही, बाई दारातून आत येताना बघूनच म्हणायची, “सुटलीस गो, अर्धा इंच वाढवते.” त्या दुपारीही ती एका ब्लाउजाला बाही जोडत होती. बाही अर्धी जोडून झाली आणि ती हळूच उजव्या बाजूला कलंडली.

मी तेव्हा रोह्याच्या बाजारात होते. अंगणवाडीतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं आणि रोज भाजी आणायला जाणं हा मी मोठा कार्यक्रम करून ठेवला होता. आमचे हे धाटावच्या एका कंपनीत कामाला. पहिल्या शिफ्टला गेलेले हे दुपारी स्कूटर घेऊन थेट बाजारात आले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालं आहे. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, “सुलूला दवाखान्यात नेलंय. बस मागे.” नेमकं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं नाही तोवर ते झालेलं नसेल, असं काहीतरी त्या वेळी वाटलं असावं.

अर्धांगाचा झटका होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, बाकीचं हळूहळू बघू. पहिले तीन महिने महत्त्वाचे. शब्द तिच्या डोक्यात आहेत, पण ते तोंडापर्यंत येताना वाट चुकतात. कुठला परत येईल, कुठला नाही, ते सांगता येणार नाही.

पहिल्या आठवड्यात एकच आला. “मीठ.”

आमचे वडील खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते. लहानपणी आम्ही दोघी डब्यात भाकरी घेऊन त्यांच्याकडे जायचो, बांधावरून चालताना सुलू मागे राहायची, कोंडीतल्या, म्हणजे मिठाच्या वाफ्यातल्या, पाण्यावर धरलेली मिठाची पातळ साय बोटानं मोडून बघायची. त्यानंतर ती पेणला आली, लग्न झालं, शिवण शिकली. साऱ्या जन्मातले शब्द गेले आणि तो एक कसा राहिला कोण जाणे. पाणी हवं तरी मीठ, कूस बदलायची तरी मीठ, नवऱ्याला हाक मारायची तरी मीठ. हो आणि नाही मागाहून आले, पण उलटसुलट. चहा देऊ का म्हटलं की “नाय” म्हणायची आणि कप मागे नेला की रडायची.

तिची मुलगी रूपाली पुण्याहून आली, पंधरा दिवस राहिली. तिची नोकरी होती, लहान मूल होतं. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “मावशी, तू आहेस ना?” मी म्हटलं, आहे. मग मी रोज जायला लागले. सकाळची गाडी पकडून पेण, संध्याकाळी परत रोहा. सुलूचा नवरा मधुकर डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर फिटर आहे. शिफ्ट चुकवली तर कंत्राटदार दुसरा माणूस घेतो. तो घरी यायचा तेव्हा मी निघायची.

गाडी कासूला थांबायची. तिथे तशी फारशी चढउतार नसते. फलाटापलीकडे भाताची खाचरं, त्यावर पोपटांचे थवे, आणि ते हुसकायला डबा बडवणारी एखादी म्हातारी. त्या थांब्यावर मी मनाशी खेळ करायची. श्वास रोखून धरायचा. श्वास सोडायच्या आत गाडी सुटली, तर सुलू आज बरी असेल. नाही सुटली तर. त्या ‘तर’च्या पुढे मी जायची नाही. साठी उलटलेली बाई, पण एखाद्या दिवशी गाडी जरा जास्त थांबली की पेणला उतरल्यावर मी रिक्षा न बघता अर्धी पळतच सुटायची. दारातून पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघायची. तोंड आणखी वाकडं झालेलं नाही ना. दुसरा झटका येऊ शकतो, असं डॉक्टर एकदाच म्हणाले होते. मी ते रोज ऐकत होते.

आणि त्या काळजीतून मी एक चूक केली. मला वाटलं, आपण जन्मभर लहान मुलांना बोलायला शिकवलं, हिलाही शिकवू. मी अंगणवाडीतला जुना चित्रांचा तक्ता घेऊन गेले. सफरचंद, बदक, घर, छत्री. तो तिच्यासमोर धरला आणि अंगणवाडीत लावायची तोच आवाज लावून म्हणाले, “सुलू, हे काय आहे? ब, ब, बद...” तिनं एकदा तक्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि डाव्या हातानं तक्ता असा काही भिरकावला की तो दाराबाहेर जाऊन पडला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी तिनं माझ्या हातून जेवणही घेतलं नाही. परतीच्या गाडीत मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती, की आता ती माझ्याशी ते एक ‘मीठ’ही बोलणार नाही.

दसऱ्याच्या सुमारास मधुकरनं टेबल आणलं. तिला आता खाली बसता येत नव्हतं, आणि त्या घरात जेवायला खाली बसण्याशिवाय दुसरी सोय नव्हती. कारखान्यात जाड केबल लाकडी रिळावर गुंडाळून येते, माणसाच्या छातीएवढी मोठी रिळं. केबल संपली की ती मोडीत काढतात. मधुकरनं परवानगी काढून त्यातलं एक गोल चाक मिळवलं, लोखंडी अँगलचे पाय वेल्डिंग करून घेतले आणि टेम्पोतून घरी आणलं. घाम पुसत मला म्हणाला, “ताय, कसा वाटतो? हिला आता खुर्चीवर बसून जेवता येल.” त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा उजेड दिसला.

टेबल भक्कम होतं. पण लाकूड खरबरीत, मधोमध भोक, आणि वर काळ्या शाईत कंपनीची इंग्रजी अक्षरं, नंबर, आणि रीळ कुठल्या दिशेनं ढकलायचं ते दाखवणारा एक मोठा बाण. ते पुढच्या खोलीत मावेना, म्हणून मधुकरनं खिडकीखालचं मशीन ओढून आतल्या खोलीत कोपऱ्यात नेलं आणि त्यावर जुनी चादर टाकली. सुलू खाटेवरून बघत होती. तिनं टेबलाकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. मधुकर गोंधळला. “अगो, तुझ्यासाठीच आणला ना,” म्हणत राहिला. “मीठ,” ती म्हणाली. “मीठ, मीठ.” तिला काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

पेणमध्ये त्या दिवसांत पोह्यांच्या गिरण्या जोरात असतात. दुपारी भाजलेल्या भाताचा वास गल्लीत भरून राहतो. त्या वासात माणसं सुलूला बघायला यायची. जुन्या गिऱ्हाइकिणी, शेजारणी, मधुकरच्या गावाकडची. आली की टेबलाकडे बघायची, अक्षरं वाचायची. कुणी म्हणायचं, “कंपनीचा वाटतं?” सुलू तेव्हा डाव्या हातानं आपला पदर ओढून त्या बाणावर टाकायची. पदर पुरायचा नाही. एका दुपारी माणसं गेल्यावर तिनं माझा हात धरला, टेबलावर ठेवला आणि हवेत मोठा गोल काढला. मग कपाटाकडे बोट. कपाटात तिनं पडद्यांसाठी घेऊन ठेवलेलं जाड सुती कापड होतं, गर्द निळं, चोपन्न इंच पन्ह्याचं. मी ते काढलं. तिनं ते टेबलावर अंथरल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

“टेबलाला कापड शिवायचं?”

“नाय,” ती म्हणाली, आणि मान जोरजोरात हो म्हणून हलवली.

“शिवायला टाकू का कुणाकडे?”

या वेळी मान तितक्याच जोरात आडवी हलली. तिनं माझ्या छातीवर बोट टेकवलं.

मी आयुष्यात कधी मशीनवर बसले नव्हते. लागलंच नाही कधी. मला सुलू होती. माझे सगळे ब्लाउज, रूपालीची झबली, आमच्या ह्यांच्या पायजम्यांच्या नाड्या, सगळं तिच्याकडे जायचं. मला बटण लावता यायचं, तेही चार भोकांत गाठ दिसेल असं. पण तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून मला झोपेतसुद्धा ते निळं कापड दिसायला लागलं. कापड एकच होतं. बिघडलं तर? तसलं दुसरं मिळेलही, पण ते बिघडलेलं बघून हिला काय होईल? डॉक्टर म्हणाले होते, त्रास होईल असं काही करू नका.

गोल कापायचा कसा, ते तिनं मला रुमालावर दाखवलं. रुमालाची चौघडी केली, एका कोपऱ्यावर बोट रोवलं आणि दुसऱ्या बोटानं समोरचा कोपरा गोलाकार उडवल्यासारखं केलं. सोपं वाटलं. मी टेबल मोजलं, बेचाळीस इंच भरलं. कड किती लोंबायला हवी ते तिनं आपल्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं, सहा इंच. म्हणजे चोपन्नचा पन्हा बरोबर पुरत होता. सत्तावीस इंचांचा दोरा घ्यायचा, एका टोकाला खडू बांधायचा, दुसरं टोक कोपऱ्यावर धरायचं आणि कंपासासारखी रेघ मारायची. रोह्याला घरी जाऊन मी वर्तमानपत्रावर दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा गोल आला.

ज्या दिवशी कापायचं ठरवलं त्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. दुपारी डोंगराकडून काळं आलं. परतीचा पाऊस. कासूला येताना मी बघितलं होतं, कापलेलं भात शेतात पसरून ठेवलेलं. आता त्या माणसांची काय धावपळ उडाली असेल, हे मनात आलं आणि विनाकारण माझीच घाई सुरू झाली. वीज गेली. खिडकीतून येणाऱ्या मळक्या उजेडात मी फरशीवर कापड चौपदरी घातलं, दोरा धरला, रेघ मारली. सुलू वर खुर्चीवर बसली होती, तिला वाकता येत नव्हतं. तिची ती जड कात्री मी हातात घेतली. या कात्रीनं कुणी कागद कापला तर ती घर डोक्यावर घ्यायची. मला ती नीट धरताही येईना.

“मीठ,” सुलू म्हणाली.

“हो, थांब. झालंच.”

“मीठ! मीठ!”

“सुलू, पाणी देते. एवढं कापू दे.”

तिनं टेबलावर हात आपटला. बाहेर ढग गडगडला. मला वाटलं, ती ढगाला घाबरली. मी कात्री चालवली. कापड चार पदरी, जाड. कात्री कचकच करत चार बोटं पुढे गेली. तेव्हा वरून असा काही आवाज आला, शब्द नाही, नुसताच घशातून निघालेला, की माझ्या हातातून कात्री सुटली.

मी कापड उलगडलं. मी दोरा चुकीच्या कोपऱ्यावर धरला होता. जिथे घडीचा मध्य होता तिथे धरायचा, तो मी सुट्या पदरांच्या कोपऱ्यावर धरला होता. ती ओरडली नसती तर मी कापडाच्या बरोब्बर मध्ये मोठं भोक पाडलं असतं. आता समोरासमोरच्या दोन कडांना आत गेलेल्या, चार-चार इंचांच्या दोन चिरा दिसत होत्या. ती मला सांगत होती. तिच्या हाताशी असलेल्या त्या एका शब्दानं ती मला सांगत होती, आणि मी म्हणत होते, पाणी देते.

मी फरशीवर बसून रडायला लागले. इतक्या दिवसांत तिच्यासमोर कधी रडले नव्हते. दवाखान्यात नाही, तक्ता फेकला त्या दिवशी नाही. पाऊस सुरू झाला होता आणि पत्र्यावर इतका वाजत होता की माझं रडणं मलाच ऐकू येत नव्हतं. मग माझ्या डोक्यावर टपली बसली. वर बघितलं तर सुलूनं हात पुढे केलेला. कापड मागत होती.

मी ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. चिरेवरून अंगठा फिरवला. दोन्ही कडा डाव्या हाताच्या दोन बोटांत चिमटीनं एकत्र धरल्या, चीर मिटली. सोडल्या. परत धरल्या. तिच्या कपाळावर आठी पडली, तीच, ब्लाउजची काख दाटते म्हणून कुणी तक्रार केली की पडायची ती. ओठ हलले. एकदा नुसती हवा आली. आणि मग, पावसाच्या आवाजातही स्वच्छ ऐकू येईल असं, ती म्हणाली,

“टक्स.”

ब्लाउजला छातीखाली निमुळती चिमटी घेऊन शिवतात, तो टक्स. तिनं जन्मात किती हजार घातले असतील.

“टक्स,” ती पुन्हा म्हणाली, जरा चिडूनच, मठ्ठ पोरीला सांगावं तशी. “टक्स घाल.”

त्या चिरा टेबलाच्या वर येणारच नव्हत्या, लोंबत्या कडेत येणार होत्या. तिथे टक्स घातला की चीर मिटणार होती आणि कड उलट नीट खाली बसणार होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की तिनं दोन शब्द एकापुढे एक ठेवले होते.

“हातानं घालते, सुईदोऱ्यानं,” मी म्हटलं.

“नाय.” तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. कोपऱ्यात चादरीखाली मशीन होतं. ‘नाय’ या वेळी खरोखरच नाय होतं. आणि मग मला हळूहळू उमजलं, ती टेबल आलं त्या दिवशी का रडली होती. टेबलाच्या रूपाबद्दल नव्हतंच ते. तिच्या डोळ्यांदेखत मशीन उचलून कोपऱ्यात ठेवलं होतं आणि त्यावर चादर ओढली होती. आणि आम्ही दोघं तिच्यासमोर उभं राहून विचारत होतो, आवडलं का म्हणून.

मी चादर काढली. मशीन ओढत, ढकलत मधल्या दारापर्यंत आणलं, त्यापुढे मला हललं नाही. मग सुलूला धरून तिथवर चालवलं. सहा-सात पावलं, दोन वेळा थांबून. उजवा पाय फरशीवर घासत येत होता. आता पडली तर मी काय करू, या विचारानं मी तिची कंबर घट्ट धरली होती. तिनं मात्र स्टुलावर बसल्या बसल्या डावा पाय पायटावर ठेवला आणि दोनदा दाबून बघितला.

आम्ही दोघींनी मिळून शिवलं. ती डाव्या पायानं मशीन चालवायची आणि डाव्या हातानं कापड धरायची. मी तिच्या उजवीकडे उभी राहून चाकाला गती द्यायची आणि तिच्या उजव्या हातानं जे करायचं ते माझ्या हातानं करायची. पहिल्या टक्सला दोरा तीनदा तुटला. दुसऱ्याला एकदा. कापणं तिनं पुन्हा माझ्याकडूनच करून घेतलं. या वेळी कोपऱ्यावर स्वतः बोट दाबून बसली आणि रेघ संपेपर्यंत बोट काढलं नाही. सगळं एका दिवसात झालं नाही. आठवडा गेला. गोल कापडाला कड दुमडायची म्हणजे चुण्या पडतात. तिनं मला दाखवलं की कडेपासून पाव इंचावर आधी एक सैल टीप मारायची, तिचा दोरा हलकेच ओढायचा, मग कड आपोआप आत वळते. “हळू,” ती म्हणायची. “वड. हळू. बास.” मला ते तिन्ही शब्द दिवसभर ऐकत राहावंसं वाटायचं, म्हणून मी मुद्दाम जोरात ओढायची.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मधुकर शिफ्टवरून आला. मधल्या दारात मशीन आडवं. तो चपला न काढता उभा राहिला. “ताय, मशीन कुनी काढली?” मला वाटलं, रागावणार. मी घाईघाईनं सांगायला लागले, तर तो खाली बसला आणि म्हणाला, “मी मुद्दाम झाकलेली. ती मशीनकडं बघून रडायची. मला बघवत नव्हता.” सुलू त्याच्याकडे बघत होती. “तेल,” ती म्हणाली. तो उठला, आतून तेलाची बुधली आणली, आणि कपडे न बदलताच, हाताला कारखान्याचं काळं तसंच ठेवून, मशीनच्या एकेका भोकात थेंब थेंब तेल घालत बसला. बराच वेळ त्याची पाठ आमच्याकडे होती.

दिवाळीला कापड टेबलावर पडलं. निळ्याखाली बाण गेला, नंबर गेले. एका बाजूला कड जरा वर, एका बाजूला खाली; माझ्या हाताची शिलाई कुठली आणि सुलूची कुठली ते आंधळ्यालाही कळलं असतं. फराळाला माणसं आली. एका गिऱ्हाइकिणीनं विचारलं, “सुलूताय, हे कवा शिवलंस गो?” तर सुलूनं कड उचलून टक्स दाखवला, कात्रीची खूण केली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “ही. येडी.” सगळे हसले. मी इतकी हसले की मला उठून आत जावं लागलं.

भीती मात्र गेली नाही. शब्द यायला लागले तशी ती जराशी सरकून बसली, एवढंच. एखाद्या दिवशी सुलू दहा शब्द बोलायची, दुसऱ्या दिवशी परत ‘मीठ’वर यायची, आणि माझं कासूचं श्वास रोखणं तसंच चालू राहायचं. आजही ती काठी घेऊन चालते, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ब्लाउज शिवत नाही, उशांचे अभ्रे शिवते. माणसांची नावं अदलाबदल करते. मी अजूनही दारातून आधी तिचं तोंड बघते.

मार्गशीर्षात शेतं रिकामी झाली. एका सकाळी मी नेहमीसारखी पोचले, पदर खोचला आणि तिच्या औषधांच्या गोळ्या बघायला लागले. सकाळची घेतली का, पाणी प्यायलीस का, पायाचा व्यायाम झाला का. सुलू टेबलापाशी बसून मेथी निवडत होती, डाव्या हातानं, एकेक पान. तिनं जुडी खाली ठेवली.

“रोज रोज काय येतेस?” ती म्हणाली. “तुला घर हाय का नाय?”

सबंध वाक्य होतं. दोन होती. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. आणि राग अगदी जुना, तिचा स्वतःचा होता. मी म्हटलं, “बरं बाई, उद्या नाही येत.” ती म्हणाली, “नको येव.” आणि मेथी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. हे धाटावला गेले. मी घर झाडलं, मग परत झाडलं. डाळ दोनदा धुतली. गाडीची वेळ झाली तेव्हा चपलेकडे लक्ष गेलं, मुद्दाम दुसरीकडे बघितलं. तिनं गोळ्या घेतल्या असतील का. मधुकर पहिल्या शिफ्टला असेल, ती एकटीच असेल. मशीनपर्यंत एकटी चालत गेली तर. अकराच्या सुमारास फोन वाजला. मधुकरचा नंबर. त्याचा फोन या वेळी कधीच येत नाही. मी ओला हात तसाच घेऊन तो उचलला.

“मधुकर? काय झालं? सुलू बरी आहे ना?”

पलीकडून नुसता श्वास येत होता. मी फोन कानाशी आणखी दाबला.

“मधुकर, बोल ना रे!”

“मी,” सुलू म्हणाली. मधुकर त्या दिवशी फोन घरी विसरून गेला होता. तिनं त्यात माझं नाव शोधलं होतं, कसं कोण जाणे, आणि डाव्या अंगठ्यानं दाबलं होतं. परत थोडा वेळ श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली,

“आज आली नाय?”

मी गॅस बंद केला आणि साडी बदलायला आत गेले.